दारावरच्या माणसाचं पिस्तूल

अर्विन नीमायरने त्या पत्राला उत्तर पाठवलं नव्हतं, पण त्याचं कारण आळस नव्हतं. आळशी माणूस पत्र खणात टाकतो आणि विसरतो. अर्विनने ते साखरेच्या भांड्याखाली ठेवलं होतं. रोज सकाळी कॉफीत साखर घालताना ते त्याच्याकडे बघायचं, तोही त्याच्याकडे बघायचा आणि मग दोघेही नजर चुकवायचे.

पत्र लहानसंच होतं. फ्लॉइड केसिंजर नावाचे एक गृहस्थ बायको वारल्यावर मुलीकडे, ब्रॅकेट्स मिल या गावी राहायला आले होते. बायकोच्या अंत्यविधीनंतर चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाही, आता यावंसं वाटतं, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि पुढे काही शंका विचारल्या होत्या. नव्या माणसाला सगळ्यांसमोर उभं करतात का? दाराजवळ बसायला जागा मिळते का? आणि मधेच उठून जावंसं वाटलं तर कधी उठलेलं कोणाच्या डोळ्यांवर येत नाही? पाकिटावर 'दारात उभे राहणारे गृहस्थ' एवढंच होतं, म्हणून पाळकबाई ग्वेनने ते अर्विनच्या हातात ठेवलं.

आता कोणीही म्हणेल, यात अवघड ते काय? पण अर्विन लिहायला बसला की पहिल्याच शब्दावर अडायचा. ज्याला कधी पाहिलेलं नाही त्याला 'प्रिय' कसं म्हणायचं? 'जरूर या' लिहावं तर गळ्यात पडल्यासारखं होतं. 'आलात तर हरकत नाही' लिहावं तर हरकत आहे असाच वास येतो. उभी हयात त्याने जिल्ह्याच्या फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवली होती. लोकांशी तो बोलायचा ते 'हे वाचून बघा' एवढंच, आणि पुस्तक परत आलं की 'कसं वाटलं' हे विचारायचं धाडस त्याला दर वेळी होत नसे.

"दोन ओळी लिही आणि टाक पेटीत," त्याची थोरली बहीण व्हर्ना म्हणायची. दोघं भावंडं एकाच घरात राहत होती, दोघांचीही लग्नं झाली नव्हती, आणि त्याबद्दल व्हर्नाला काडीचंही दुःख नव्हतं. "'या' एवढं लिहिलंस तरी चालेल."

"'या'? नुसतं 'या'? कुत्र्याला बोलावल्यासारखं वाटेल."

"कुत्रा एव्हाना आला तरी असता."

असं सगळं चाललं असतानाच मधे पिस्तूल आलं, आणि पत्र मागे पडलं.

त्याची सुरुवात चर्चच्या तळघरात झाली. तिथे बुधवारी संध्याकाळी सुरक्षा समितीची बैठक भरायची. समितीचा अध्यक्ष डेल ओबरहेल्मन. डेलचं टायरचं दुकान होतं. ते विकल्यापासून त्याला तपासायला काही उरलं नव्हतं, म्हणून तो माणसं तपासायचा. तो बोलायला उभा राहिला की आधी खोलीतल्या सगळ्या दारांकडे बघून घ्यायचा, आणि मग बाकीच्यांनाही उगाचच बघावंसं वाटायचं.

"संशयित माणूस ओळखायचा कसा?" त्याने विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "तो दाराजवळची जागा धरतो. कोट काढत नाही. हात खिशात ठेवतो. डोळ्याला डोळा भिडवत नाही. कोणाशी बोलत नाही, आणि सगळ्यांच्या आधी निघून जातो."

अर्विनने खिशातले हात हळूच बाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. दाराजवळच्या खुर्चीवरून उठून आत जाऊन बसावं की काय, असंही त्याच्या मनात आलं, पण आत्ता उठलं तर ते जास्तच संशयास्पद दिसेल म्हणून तो बसून राहिला. कोट मात्र त्याने काढला नाही. तळघरात गार होतं.

"म्हणून," डेल म्हणाला, "यापुढे दारात जो उभा राहील त्याच्याजवळ हत्यार पाहिजे. अर्विन, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुला गाड्या लावायच्या जागेवर ठेवू. पिवळं जाकीट मिळेल."

वाईट वाटू नये म्हणे! सबंध जगात अर्विनला नेमकं काय बोलायचं हे ठाऊक असलेली जागा एकच होती, आणि ती म्हणजे चर्चचं दार. "सुप्रभात" म्हणायचं, उपासनेचा कागद हातात द्यायचा, की पुढच्याकडे वळायचं. तिथे कोणी त्याच्याकडून आणखी काही अपेक्षा करत नसे. रविवारी त्या दारात तो लाजाळू म्हातारा नसायचा, दारावरचा माणूस असायचा. त्या दारावरून हलवलं, तर आठवड्यात आपण कोणाशी बोलायचं, व्हर्ना सोडून?

"माझ्याकडे पिस्तूल आहे," अर्विन म्हणाला.

कॉफीच्या भांड्याचा बुडबुड आवाज तेवढा येत राहिला. सगळ्यात जास्त आश्चर्य अर्विनलाच वाटलं.

"कुठलं पिस्तूल?" घरी आल्यावर व्हर्नाने विचारलं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "हेडविग मावशीचं? अरे देवा! मावशीने जन्मात त्याच्याकडून एकच काम करून घेतलं, तेही अक्रोड फोडायचं."

पिस्तूल बटणांच्या डब्यात होतं. हेडविग मावशी सेंट लुईसला टोप्यांच्या दुकानात कामाला होती आणि संध्याकाळी एकटी घरी यायची. तिच्या पर्समध्ये मावेल असं ते पंचवीस बोअरचं छोटं पिस्तूल, अंगावर चांदीसारखा मुलामा, मुठीला शिंपल्याच्या चकाकत्या पट्ट्या. अर्विनने ते हातात घेतलं तर मूठ दोन बोटांतच संपली. बाकीची बोटं कुठे ठेवायची हे त्याला कळेना.

पुढच्या बुधवारी त्याने ते टेबलावर ठेवलं. डेलने चष्मा चढवला, वाकून बघितलं आणि इकडेतिकडे शोधल्यासारखं केलं.

"हा नमुना झाला. पिस्तूल कुठाय?"

"अगंबाई, किती गोड!" लॉइस फायफर म्हणाली.

ते 'गोड' अर्विनच्या जिव्हारी लागलं. लॉइस ही समितीतली दुसरी अधिकारी व्यक्ती. विधवा, पीच घालून केलेल्या गोड पदार्थात तिचा हात धरणारं कोणी नाही, आणि पर्समध्ये अडतीसचं रिव्हॉल्व्हर. ती पर्स बाकावर ठेवायची तेव्हा बाक कण्हायचा.

"अर्विन, राजा," डेल म्हणाला, "याने गोळी झाडलीस तर समोरचा मान वळवून बघेल, डास चावला की काय म्हणून."

"डेल, गोळी लागावी असं कोणालाच वाटत नाही," अर्विन हळू आवाजात म्हणाला. "लहान असो, मोठी असो."

"हे मात्र खरं," लॉइस म्हणाली. "माझ्या मेव्हण्याला बावीसची लागली होती. पोटात. स्वतः गाडी चालवत इस्पितळात गेला. वाटेत थांबून पेट्रोलसुद्धा भरलं."

"बघ! मी काय म्हणतोय?" डेलने टेबलावर थाप मारली. "पेट्रोल भरलं! लहान गोळी माणसाला थांबवत नाही."

"हो, पण नंतर तो तिथेच गेला ना."

"कुठे?"

"गेला म्हणजे गेला, डेल. इस्पितळात. रात्रीतून."

डेलने थोडी कॉफी ओतून घेतली. आणि खरं सांगायचं तर, छोट्या पिस्तुलाचा सगळा वाद एवढ्यातच आला: ते जीव घेतं, पण वेळेवर थांबवत नाही. मात्र बैठकीत उत्तर मिळालं म्हणून अर्विन कधी गप्प बसलाय? तो पुस्तकांकडे वळला.

त्याने ग्रंथालयातून मिळतील ती सगळी पुस्तकं आणली, आणि वाचत गेला तसतसा त्याचा संशय वाढत गेला, पिस्तुलावरचा नव्हे, लेखकांवरचा. एकजण ठणकावून सांगत होता की अडतीसच्या खाली काही बाळगणं म्हणजे स्वतःची फसवणूक. दुसरा तेवढ्याच जोराने म्हणत होता की मोठं पिस्तूल जड म्हणून घरीच राहतं, आणि खिशातलं लहान हे घरातल्या मोठ्यापेक्षा कधीही बरं. तिसरा जेलीच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडून त्या किती खोल गेल्या हे मोजत बसला होता. अर्विनने आजवर जेली पाहिली होती ती चर्चच्या जेवणात, फळांचे तुकडे घातलेली. त्यानंतर लॉइसने आणलेली जेली वाटीत थरथरली की त्याच्याने घास घेववेना. शिवाय त्याच्या असं लक्षात आलं की तीनशे ऐंशी नावाचं जे पिस्तूल असतं त्याची गोळी अडतीसच्या गोळीहून केसभर बारीकच असते. ज्या धंद्यात तीनशे ऐंशी हे अडतीसपेक्षा कमी भरतात, त्या धंद्यातल्या माणसांवर विश्वास कितपत ठेवायचा?

हत्यारांच्या दुकानातला विक्रेता त्यामानाने सरळ होता.

"बावीसच्या काडतुसाला घोडा कडेला ठोकतो," तो म्हणाला. "त्यामुळे कधी पेटतं, कधी नाही. पंचवीसला मधोमध ठोकतो. म्हणून ते भरवशाचं. ताकद विचाराल तर दोन्हींची सारखीच. म्हणजे, नाहीच."

"म्हणजे बावीसच्या ताकदीचा भरवसा नाही," अर्विनने समजून घेत विचारलं, "आणि पंचवीसमध्ये ताकद नाही याचा भरवसा आहे?"

"बरोब्बर! आजवर कोणी इतकं नीट मांडलं नव्हतं."

आयुष्यात क्वचितच कोणी स्तुती केलेली, त्यामुळे अर्विनने काडतुसांची डबी घेऊन टाकली.

न्हाव्याचं मत पडलं की एवढ्या लहान मुठीला करंगळी धरत नाही, आणि करंगळी सुटली की नेम सुटतो. हे बोलताना तो अर्विनच्या कानाजवळ वस्तरा फिरवत होता, म्हणून अर्विनने वाद घातला नाही. शेजारच्या मिसेस डाल्टनने कुंपणावरून सांगितलं की पिस्तुलापेक्षा भुंकणारं कुत्रं बरं, आणि चर्चच्या दारात कुत्रं ठेवायला कायद्याने काही बंदी नाही.

कायद्याचं निघालं म्हणून सांगायचं, मिझूरी राज्यात चर्चमध्ये पिस्तूल न्यायचं तर पाळकांची संमती लागते. पाळकबाई ग्वेनने संमती दिली, पण ती देताना तिने असा उसासा टाकला की अर्विनला ती परत करावीशी वाटली. त्यानंतर विमा कंपनी. चर्चच्या विम्यात दारावरच्या माणसाच्या हत्याराची नोंद हवी, म्हणून त्याने फोन लावला.

"किती बोअरचं, सर?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"पंचवीस."

कळफलक बडवल्याचा आवाज आला. "पंचवीस आमच्याकडे नाही, सर. आमची सुरुवात बत्तीसपासून होते."

"म्हणजे हे हत्यार नाही?"

"हत्यार आहेच, सर. पण आमच्या दृष्टीने नाही."

"मग मी सशस्त्र आहे की निःशस्त्र?"

"जरा थांबता का, सर?" आणि बासरी वाजायला लागली. बासरी बराच वेळ वाजली. मुलगी परत आली तेव्हा तिचा आवाज विजयी होता. "झालं काम! चर्चला स्वयंपाकघर आहे ना? त्यातल्या धारदार अवजारांत बसवलं."

अशा रीतीने अर्विन नीमायर हा बटाटे सोलायच्या सुरीबरोबर विमा उतरवलेला पहिला रखवालदार ठरला. डेलला हे कळल्यावर तो दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

मग परीक्षा. डेलच्या कुरणात खांबाला जेवणाची कागदी ताटली ठोकली होती. अर्विनने नेम धरला आणि चाप ओढला. ताटली किंचित हलली. गोळीने की वाऱ्याने, हे कळायला मार्ग नव्हता, कारण भोक दिसत नव्हतं. त्याने पुन्हा चाप ओढला. काहीच झालं नाही. डेलने पिस्तूल घेऊन उघडलं, नळीपाशी नाक नेलं आणि अर्विनकडे असं बघितलं की त्याला शाळेतले मास्तर आठवले.

"हा वास कसला येतोय?"

"पेपरमिंटचा," अर्विन म्हणाला. प्रवचन चालू असताना म्हाताऱ्या बायकांना खोकला येतो, म्हणून तो कोटाच्या उजव्या खिशात पेपरमिंट ठेवत असे, आणि त्याच खिशात पिस्तूल. खिशातला चुरा पिस्तुलाच्या पोटात जाऊन बसला होता.

"खिशात पिस्तूल असेल तर त्या खिशात दुसरं काही नाही! किल्ली नाही, रुमाल नाही, मिठाई तर नाहीच नाही!"

"बरं."

"आता जवळ जा. आणखी जवळ. आणखी."

अगदी तीन पावलांवरून ताटलीला बारीकसं भोक पडलं. डेलने ते डोळ्याशी नेऊन उजेडात धरलं.

"म्हणजे चोराला आधी जवळ बोलवायचं," तो म्हणाला. तरी त्याने अर्विनला पास केलं, कारण दारावर उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. सगळ्यांना आत बसायचं असतं.

घरी येऊन अर्विनने काडतुसं काढली आणि बटणांच्या डब्यात ठेवून दिली.

"हे काय?" व्हर्नाने विचारलं.

"दारात लोक मिठ्या मारतात, व्हर्ना. पोरं पायाला विळखा घालतात. आणि माझा हात बघ." त्याने हात पुढे धरला. तो थरथरत होता. "या हातात भरलेलं पिस्तूल? माझाच माझ्यावर विश्वास नाही."

"मग रिकामं घेऊन काय करणार?"

"उभा राहणार."

व्हर्नाने बटणांच्या डब्याचं झाकण लावलं.

तर असा अर्विन आपलं रिकामं पिस्तूल घेऊन आपल्या दारात उभा राहिला, आणि दार वाचलं असं त्याला वाटलं. पण लगेचच डेलने तळघरात जाहीर केलं: शेजारच्या जिल्ह्यातल्या एका चर्चच्या समितीशी ठरलंय. त्यांचा एक माणूस कुठल्यातरी रविवारी येईल, आपलं दार तपासायला. कोण, कधी, माहीत नाही. तो आत शिरला आणि आपल्याला कळलं नाही, तर नाक कापलं जाईल.

त्या दिवसापासून चर्चमध्ये कोणी कोणाकडे सरळ बघेना. कानाला लावायची यंत्रं विकणारा एक भला माणूस आला, तर लॉइस त्याच्या मागोमाग पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत गेली. कॅन्ससहून चाललेलं एक जोडपं वाटेत प्रार्थनेसाठी थांबलं. त्यांच्या गाडीच्या नंबराचा कागद त्यांच्या देखत डेलच्या खिशात गेला, आणि ते आमेन व्हायच्या आत कॅन्ससकडेच परतले म्हणतात. ऑर्गन दुरुस्तीवाल्याने पिशवी उघडायला नकार दिला म्हणून तीन रविवार गाणी विनासाथ झाली. अर्विनही बदलला. पूर्वी तो येणाऱ्यांचे चेहरे बघायचा, निदान हनुवटीपर्यंत तरी. आता तो फक्त हात बघायचा. माणसं गेल्यावर कोण येऊन गेलं हे त्याला सांगता येत नसे. कोणाच्या हातात काय होतं तेवढं पाठ असायचं.

आणि मग तो रविवार आला.

आधी आला तो एक गलेलठ्ठ, लालबुंद, हसरा माणूस. हातात फळांच्या गोड 'पाय'चा खोका. नाव बड कॉफमन, गावात मेव्हणीकडे आलोय म्हणाला. त्याने डेलला मिठी मारली, लॉइसला मारली, "तुम्हीच ना त्या पीचवाल्या? मेव्हणी सांगत होती!" असं म्हणून तिला लाजवलं, आणि मग अर्विनला इतकी घट्ट आणि इतका वेळ मिठी मारली की अर्विनने डोळेच मिटून घेतले. अर्विनच्या आयुष्यात मिठ्या थोड्या, त्यामुळे त्या किती वेळ चालायला हव्यात याचा त्याला अंदाज नव्हता. डेलने बडला पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. वाटेत चर्च गरम ठेवणारी नवी भट्टी आणि तिजोरीची खोलीही दाखवली.

त्यानंतर, उपासना सुरू होता होता, एक उंच, किडकिडीत म्हातारा आला. लांब कोट. दोन्ही हात खिशात. त्याने आत येण्याआधी बाजूच्या दाराकडे बघितलं, मग मागच्या. अर्विनच्या डोळ्यांकडे मात्र बघितलं नाही.

"दाराजवळ जागा असेल का?" तो पुटपुटला.

डेलने सांगितलेलं शब्दन् शब्द जमत होतं. त्याने कागद पुढे केला. म्हाताऱ्याने तो घ्यायला हात काढला आणि लगेच परत खिशात घातला. अर्विनने डाव्या कानाला हात लावला. ती ठरलेली खूण होती.

पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की अर्विनला ते थांबवावंसं वाटायलाही वेळ मिळाला नाही. डेल आला, "इथे मागे गार वारा येतो, आत या" असं म्हणत म्हाताऱ्याला कोपराने धरून मधल्या बाकावर घेऊन गेला आणि त्याच्या उजवीकडे बसला. डावीकडे लॉइस बसली, पर्ससकट.

"कोट काढा की," डेल म्हणाला. "उकडतंय."

"नको. बरं आहे."

"काढा हो, आपलेच लोक आहेत," लॉइस म्हणाली, आणि पर्सची चेन सरकवली.

म्हाताऱ्याने कोट काढला नाही. हातही खिशातून काढले नाहीत. तेव्हा डेल उठून उभा राहिला. "पाळकबाई, आज आपल्यात नवे पाहुणे आहेत! उभे राहा, साहेब. हात वर करून सगळ्यांना दाखवा. दोन्ही हात!"

लोकांना वाटलं, पाहुण्याचं स्वागत करायची ही नवी पद्धत असावी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा उभा राहिला. त्याने दोन्ही हात वर केले. एका हातात चुरगळलेला रुमाल होता, दुसऱ्यात काहीच नव्हतं. तो तसाच उभा राहिला, कारण हात खाली कधी घ्यायचे हे त्याला कोणी सांगितलं नाही.

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा तो उठला. लॉइसच्या पर्सला अडखळला, अंगठ्याला चांगलंच लागलं असणार, पण आवाज न करता लंगडत दाराकडे आला. दारात अर्विन होता. काही करायची वेळ आलीच तर म्हणून त्याने उजव्या खिशात हात घातला. खिशात पिस्तुलाचं कातडी म्यान तेवढं होतं. आत काही नव्हतं.

"मी एक पत्र लिहिलं होतं," म्हातारा अर्विनच्या बुटांकडे बघत म्हणाला. "पोचलं नसावं बहुतेक. टपालाचं असंच असतं हल्ली."

हो म्हणणं किती सोपं होतं. त्या माणसाने वाट करूनच दिली होती. अर्विनने खिशातून रिकामा हात काढला.

"पोचलं," तो म्हणाला.

फ्लॉइड केसिंजरने मान डोलावली, रुमाल खिशात ठेवला आणि पायऱ्या उतरून गेला. अर्विनने पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याकडे बघायला मान वर केली, पण तोवर दिसत होती ती पाठ.

उपासनेनंतर बड कॉफमन तळघरात आला. तो आता हसत नव्हता.

"नमस्कार मंडळी. शेजारच्या जिल्ह्यातून," तो म्हणाला. "तिजोरीच्या खोलीच्या दारावर माझी लाल चिकटपट्टी आहे. एक भट्टीवर. एक स्वयंपाकघरात. आणि एक तुमच्या पाठीवर, मिस्टर ओबरहेल्मन." मग त्याने कागदी रुमालात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली आणि रुमाल उघडला. शिंपल्याच्या पट्ट्या चमकल्या. "हे दारावरच्या साहेबांच्या खिशातून, मिठीत असताना काढलं. इतकं हलकं आहे की गेलेलं त्यांना कळलंही नाही. आणि," तो थोडा थांबला, "रिकामं आहे."

"रिकामं?" डेल पाठीवरची चिकटपट्टी ओढता ओढता थांबला. "अर्विन, रिकामं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तू त्या दारात, आमच्या सगळ्यांच्या भरवशावर..." शेवटी डेल दमून खाली बसला. "ऐक. तीनशे ऐंशीचं एक पिस्तूल घे. माझ्या ओळखीचा आहे, बघून देईल. भरून ठेव. नाहीतर दार सोड. याच्यात मधलं काही नाही."

नेहमीचा अर्विन असता तर 'बरं' म्हणाला असता. त्याने टेबलावरच्या पिस्तुलाकडे बघितलं.

"डेल, तो म्हातारा संशयित नव्हता. तो लाजत होता."

"तुला काय माहीत?"

"मी पण कोट काढत नाही," अर्विन म्हणाला. "मी पण दाराजवळच बसतो. तू त्या दिवशी जे जे सांगितलंस ते सगळं मी करतो, जन्मापासून. तू मला कधी हात वर करायला लावलं नाहीस, कारण मी कागद वाटत होतो. आज मी दारात होतो, आणि कानाला हात लावून मी माझ्यासारख्याच माणसाला पकडून दिलं. त्याला मी पत्राचं उत्तरसुद्धा दिलं नव्हतं."

लॉइसने पर्सची चेन लावली. चेनचा आवाज केवढा तरी मोठा आला.

"अरे, पण दारावरचा माणूस रिकामा कसा चालेल?" डेल म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता, पण मत नाही. "समितीचा नियम आहे, अर्विन. मी केलाय म्हणून काय झालं, नियमच तो."

"नाही चालणार," अर्विन म्हणाला. त्याने कोटावरची 'स्वागत' लिहिलेली बिल्ला-पट्टी काढली आणि डेलपुढे ठेवली. टाचणीने बोटाला टोचलं. "तूच उभा राहा. सकाळी लवकर यावं लागतं, पायऱ्यांवरचा बर्फ झाडायचा असतो. आणि म्हाताऱ्या बायकांना खोकला येतो, त्यांच्याकडे लक्ष ठेव."

"दार सोडलंस?" घरी जाताना गाडीत व्हर्नाने विचारलं.

"सोडलं."

तिने काही मैल गाडी चालवली. "त्या डेलच्या डोळ्यांत मला पहिल्यापासून काहीतरी दिसत होतं," ती म्हणाली. सांत्वन करायची तिची रीत ती एवढीच.

सोमवारी सकाळी अर्विन टेबलाशी बसला आणि कच्चा खर्डा न करता लिहायला लागला.

'मिस्टर केसिंजर,

काल जे झालं त्याला मी कारण आहे. मला माफ करा. तुमच्या प्रश्नांची उत्तरं उशिरा देतोय, पण ती बरोबर आहेत.

नव्या माणसाला उभं करत नाहीत. काल केलं, ते पुन्हा होणार नाही असं पाळकबाईंनी मला सांगितलं आहे. दारात आता डेल ओबरहेल्मन असेल. तो मिठी मारायला आला तर आपण आधीच हात पुढे करावा, तो हातावर थांबतो. जागा सगळ्यात मागच्या बाकावर आहे, दाराला लागून. तिथे खरंच गार वारा येतो, त्यामुळे कोट काढायची गरज नाही. मी दार सोडलं आहे, यापुढे त्याच बाकावर बसेन, आणि तुमच्यासाठी कडेची जागा ठेवेन. मी बोलणार नाही. तुम्हीही बोलावं असं नाही. निघायचं असेल तर शेवटचं गाणं सुरू होताना निघावं. तेव्हा सगळे पान शोधत असतात. मी बरीच वर्षं बघतोय, त्या वेळी कोणी मागे वळत नाही.

अर्विन नीमायर'

पुन्हा वाचलं तर फाडावंसं वाटेल, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने ते न वाचताच पाकिटात घातलं, घरातल्या चपलांतच फाटकाशी गेला, टपालपेटीत ठेवलं आणि पत्र न्यायचं आहे हे टपालवालीला कळावं म्हणून पेटीवरचा लाल झेंडा वर केला. मग आत येऊन पडद्याआड उभा राहिला.

"आता काय तिच्यावरही संशय?" टपालगाडी वळणावर दिसल्यावर व्हर्ना मागून म्हणाली.

"गप्प बस," अर्विन म्हणाला.

टपालवाली बाई थांबली, पेटीत हात घालून पाकीट काढलं, त्यावरचं नाव वाचलं आणि ते बाजूच्या खोक्यात टाकलं. मग तिने झेंडा खाली पाडला आणि गाडी पुढे काढली.